आर्मीचा 2024चा फुटबॉल हंगाम: बारा विजय, पण नेव्हीकडून हार. मग भारी कुठला, हा की 2023चा?

हडसनकाठी | 2 जानेवारी 2025

मंडळी, धागा हेल्मेटवाल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा आहे. मेसी-रोनाल्डोवाल्यांनी वेळीच परत फिरावं, मागाहून तक्रार चालणार नाही.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाने (इथून पुढे नुसतं 'आर्मी') परवाच्या शनिवारी इंडिपेंडन्स बोलमध्ये (बोल म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रितांचा सामना) लुइझियाना टेकला 27-6 हरवून हंगाम आटोपला. चौदा सामने, बारा विजय. आर्मी 1890पासून फुटबॉल खेळतेय, पण एका हंगामात बारा विजय कधी मिळाले नव्हते. अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये (कॉलेज संघांचा गट) यंदा पहिलंच वर्ष. तिथले आठच्या आठ सामने खिशात, वर 6 डिसेंबरला घरच्या मैदानावर तुलेनला 35-14 धुऊन कॉन्फरन्सचं विजेतेपद. तेही अकादमीच्या इतिहासातलं पहिलंच. क्वार्टरबॅक (चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा) ब्रायसन डेलीने स्वतः पळून 32 टचडाउन केले (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेला, की टचडाउन), हाइझमन या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात तो सहावा आला. ऑफेन्सिव्ह लाइनला (समोरच्यांना अडवून वाट काढून देणारे पाच जण) देशातली सर्वोत्तम म्हणून जो मूर पुरस्कार. आणखी काय पाहिजे?

तर 14 डिसेंबरला लँडओव्हरला नेव्हीने (अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीचा संघ) 31-13 चोपलं. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या तीन अकादम्यांमधला कमांडर-इन-चीफ करंडक अ‍ॅनापोलिसला गेला.

आता 2023 आठवा. सहा विजय, सहा पराभव. लुइझियाना स्टेटकडून (एलएसयू) 62-0 हार. घरच्या मैदानावर मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठाकडून (यूमास) हार, ज्याची आठवण काढली तर आमच्याकडे जेवण थांबतं. बोल सामना नाही. पण तोवर एकही सामना न हरलेल्या एअर फोर्सला 23-3 लोळवलं, मग नेव्हीला 17-11. करंडक वेस्ट पॉइंटला.

तुम्ही कॅडेट असतात तर यातला कुठला हंगाम घेतला असता? माझं मत 2023. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला वेड लागलंय. बोला.

चहाबाज | 2 जानेवारी

मी मेसीवाला आहे आणि मी परत फिरणार नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोट्या_सांगलीकर | 2 जानेवारी

अज्ञानी माणसाचे प्रश्न. अकादमी म्हणजे आपल्या खडकवासल्यासारखीच ना? मग हे कॅडेट पहाटे परेड करून, दिवसभर वर्गात बसून टीव्हीवरच्या धंदेवाईक वाटाव्यात अशा संघांशी कसे खेळतात? आणि चौदातला एकच सामना एवढा महत्त्वाचा का? आयपीएलमध्ये मुंबई चेन्नईकडून हरली पण कप जिंकली, तर आम्ही पेढे वाटतो.

हडसनकाठी | 3 जानेवारी

@गोट्या, हो, तशीच, फक्त ही चार वर्षांची आणि शेवटी पदवीबरोबर कमिशन. फी नाही, उलट थोडा पगार मिळतो. बदल्यात बाहेर पडल्यावर किमान पाच वर्षं प्रत्यक्ष सेवा. हे कळलं की अर्धं कोडं सुटतं. बाकीच्या कॉलेजांत आता खेळाडूंना जाहिरातींचे, स्वतःच्या नावाचे पैसे मिळतात. कॅडेटला ते बंद, कारण तो सरकारी नोकर. पुन्हा लष्कराचे वजनाचे नियम. दीडशे किलोचा माणूस लाइनवर उभा केलात, तर पदवीच्या आधी त्याला ते वजन उतरवावं लागतं. थोडक्यात, ज्याला मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये जायचंय असं धिप्पाड पोरगं सहसा इथे येत नाही.

म्हणून यांचा खेळही निराळा. ट्रिपल ऑप्शन म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि आधी फुलबॅकच्या (मागून मधोमध घुसणारा गडी) पोटाशी धरतो. समोरच्या बचावफळीतला एक गडी मुद्दाम कुणी अडवत नाही, मोकळा सोडतात. तो फुलबॅककडे झेपावला, की चेंडू मागे ओढून क्वार्टरबॅक स्वतः बाहेरच्या बाजूने पळतो. तो जागेवर थांबला, तर चेंडू फुलबॅकलाच. आणि बाहेर पळताना दुसरा कुणी अंगावर आला, तर शेवटच्या क्षणी बाजूने धावणाऱ्या भिडूकडे टाकायचा. ज्याला उचलून आपटायची ताकद नाही, त्याला अडवायचंच नाही, त्याला फसवायचं. समोरच्या संघाला असला प्रकार वर्षातून एकदा दिसतो आणि तयारीला हातात आठवडा असतो.

नॉर्थ टेक्सासविरुद्धचा सामना बघा, 14-3. त्यात 94 यार्डांची एक ड्राइव्ह (चेंडू हातचा न घालवता केलेली चढाई) आहे: 21 डाव, जवळजवळ 14 मिनिटं. अख्खा क्वार्टर पंधरा मिनिटांचा असतो! द्रविड पॅड बांधून उतरलाय आणि समोरचे गोलंदाज घामाघूम होऊन पंचांकडे बघतायत, तसं नॉर्थ टेक्सासचं झालं. बिचाऱ्यांच्या हातात चेंडूच येईना.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी वर्दीतल्या माणसाने द्यावं.

आकडेमोड | 3 जानेवारी

बारा विजय कोणाविरुद्ध, हे कुणी बघणार आहे का? लीहाय, राइस, टेम्पल, तल्सा, यूएबी. यात एक तरी भीती वाटावी असा संघ दाखवा. खऱ्या अर्थाने बडा संघ एकच समोर आला, यँकी स्टेडियममध्ये नोटर डेम. निकाल 49-14. आणि बोल सामन्यात आधी ठरलेल्या मार्शलने अंग काढून घेतलं, तेव्हा आयत्या वेळी पाच विजयवाली लुइझियाना टेक आणली. 'इतिहासातला सर्वोत्तम हंगाम' वगैरे म्हणण्याआधी वेळापत्रक वाचावं.

अण्णापोलिसवाला | 3 जानेवारी

आलो आलो. जखमेवर मीठ चोळायला मी नाही आलो तर धाग्याची शोभा काय?

14 तारखेला मी लँडओव्हरला होतो. नेव्हीचा ब्लेक हॉरव्हाथ 204 यार्ड पळाला, दोन टचडाउन पळून, दोन पास टाकून. पण माझ्या लेखी सामना फिरला तो पंटवर (चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याला देणं). आमची चौथी डाऊन, म्हणजे शेवटची संधी, आम्ही आमच्याच अर्ध्यात. आर्मीवाले चेंडू मागे येणार म्हणून मागे सरकले. आणि चेंडू थेट गेला लँडन रॉबिन्सनच्या हातात. हा नोज गार्ड! म्हणजे बचावफळीच्या अगदी मध्ये उभा राहून दोन-दोन माणसं अंगावर घेणारा गडी. याचा चेंडू घेऊन पळण्याशी काय संबंध? तो 29 यार्ड पळाला. माझ्या पुढच्या रांगेत निवृत्त अधिकारी वाटावेत असे एक आजोबा बसले होते, दोन तास त्यांच्या तोंडून शब्द नव्हता. ते उठून उभे राहिले आणि हातातली कॉफी सरळ माझ्या बुटावर. सॉरी म्हणायचं भान त्यांना नव्हतं आणि ऐकायचं मला नव्हतं.

डेलीने त्या दिवशी तीन इंटरसेप्शन फेकली, म्हणजे तीन पास थेट आमच्या हातात. बत्तीस टचडाउनवाल्याला आमच्या पोरांनी एका दुपारीत माणसात आणलं.

@हडसनकाठी, मुलाला सांगा, बाबा शहाणे आहेत. 2023च भारी. 2024 आमचं.

चहाबाज | 3 जानेवारी

अण्णा, पोलिस आहात का तुम्ही? आयडी वाचून मी आधी गाडी बाजूला घेतली.

आकडेमोड | 3 जानेवारी

अण्णा, तुमच्या नेव्हीला नोटर डेमने किती मारले होते ते सांगायचं राहिलं वाटतं. 51-14. आणि राइसकडून 24-10 हार. आर्मीने राइसला 37-14 हरवलं होतं.

अण्णापोलिसवाला | 3 जानेवारी

राइस? कोण राइस? आम्ही पोळीवाले.

(पण बोलमध्ये ओक्लाहोमाला 21-20 हरवलं, ते तुमच्या वेळापत्रकात भीतीदायक धरतात की नाही?)

रोमिओ_पासआउट | 4 जानेवारी

वर्दीतल्या माणसाला साद घातली आहे म्हणून लिहितो, एरवी मी इथे फक्त पाककृती वाचतो.

खडकवासल्याला माझं स्क्वाड्रन रोमिओ. बाहेरच्या माणसाला वाटतं, तिथे मोठी गोष्ट म्हणजे पासिंग आउट परेड. असेलही. पण आम्ही आजही चौघे भेटलो की विषय निघतो आंतर-स्क्वाड्रन क्रॉसकंट्रीचा. अंधार असताना उठून पळायचं, परत येऊन आंघोळ, नाश्ता, वर्ग, तिथे डोळे मिटले तर शिक्षा. स्पर्धेच्या आदल्या रात्री सीनिअरने सगळ्यांचे बूट स्वतः तपासले होते. फर्स्ट टर्मवाल्याच्या बुटाची नाडी झिजलेली दिसली, तर त्याने स्वतःची काढून दिली. आम्ही कितवे आलो ते विचारू नका.

म्हणून आर्मी-नेव्ही मला कळतं. इतर कॉलेजांशी तुम्ही खेळता. इथे समोर जो उभा असतो तोसुद्धा तुमच्यासारखाच पहाटे उठलेला, तुमच्यासारखंच डोकं भादरलेला, आणि दोन वर्षांनी कदाचित तुमच्याच मोहिमेवर. त्याच्याकडून हरलं की सबब उरत नाही. नोटर डेमकडून हरलात तर 'त्यांची पोरं धिप्पाड, त्यांना पैसे मिळतात' म्हणता येतं. नेव्हीकडून हरल्यावर काय म्हणणार?

सामन्यानंतर दोन्ही संघ मिळून आधी हरलेल्यांच्या कॅडेटसमोर उभे राहतात, त्यांचं अकादमीगीत होतं, मग जिंकलेल्यांच्या बाजूला जाऊन त्यांचं. दुसऱ्या नंबरला गायला मिळणं म्हणजेच विजय. आर्मीच्या पोरांना यंदा आधी गावं लागलं.

माझं मत 2023.

टेक्सासची_सून | 4 जानेवारी

रोमिओ, नाडीचं वाचून गलबललं. तरी मत तुमच्या उलट देणार.

आमच्या इथे हायस्कूल फुटबॉल शुक्रवारी रात्री असतो आणि देवळात नसते एवढी शिस्त तिथे असते. धाकटा लाइनवर खेळतो. मी ताक-भात-लोणच्यात वाढलेली बाई, आता आठवड्याला किती अंडी लागतात ते सांगितलं तर सासूबाई बोलणं टाकतील. सांगायचा मुद्दा, लाइनवरच्या पोराला कुणी ओळखत नाही. त्याचं नाव भोंग्यावर कधी येतं, तर त्याची चूक झाली म्हणून पेनल्टी लागल्यावर. जो मूर पुरस्कार हा त्या पाच जणांना एकत्र मिळतो, एकेकट्याला नाही. तो लष्करी अकादमीच्या, वजनाने हलक्या पोरांनी भल्याभल्या कॉलेजांच्या नाकावर टिच्चून घेतला. हे एका दुपारच्या सामन्याने पुसलं जातं? मला नाही पटत.

आणि तो डेली आमचा बरं का, अबरनेथीचा. लबकजवळचं कापसाच्या शेतांमधलं छोटं गाव आहे. तिथल्या पोराचं नाव हाइझमनच्या यादीत आलंय आणि तुम्ही 6-6 बरं म्हणता! कठीण आहे.

इतिहासाचा_किडा | 4 जानेवारी

धाग्यात 'इतिहासातला सर्वोत्तम' हे शब्द आले म्हणून मला यावं लागलं. जेवण झालं असेल तर वाचा.

आर्मीचा सर्वोत्तम काळ 1944 ते 1946. तीन हंगाम, 27 विजय, एक बरोबरी, पराभव शून्य. प्रशिक्षक अर्ल 'रेड' ब्लेक. दोन पळणारे गडी: डॉक ब्लँचर्ड मधून मुसंडी मारायचा, ग्लेन डेव्हिस कडेने निसटायचा. 1945चा हाइझमन ब्लँचर्डला, 1946चा डेव्हिसला. ती एकुलती एक बरोबरी यँकी स्टेडियममध्ये नोटर डेमशी, 0-0. तेव्हा युद्धाचे दिवस, बाकीच्या कॉलेजांची पोरं भरती होऊन गेलेली आणि वेस्ट पॉइंटकडे मात्र उत्तम खेळाडूंची रीघ. म्हणजे आजच्या नेमकं उलट. @आकडेमोड, तेव्हाही वेळापत्रकावरून कुरकुर करणारे होतेच, तुमची परंपरा जुनी आहे.

मग 1951. परीक्षेत नक्कल केल्याप्रकरणी ऑनर कोडखाली (अकादमीचे सचोटीचे नियम) नव्वद कॅडेटना काढलं. त्यात फुटबॉल संघाचा मोठा भाग आणि खुद्द ब्लेकचा मुलगा. त्या साली 2-7, नेव्हीकडून 42-7. ब्लेक सोडून गेला नाही. 1958 साली पुन्हा एकही सामना न हरता हंगाम काढला आणि मगच निवृत्त झाला. माझ्या मते आर्मीचा सर्वात मोठा हंगाम हाच. 1945 नाही, 2024 नाही, 2023 तर नाहीच. सात वर्षं चिखलातून गाडा ओढून आणला होता.

आणि तळ बघायचा असेल तर 2003. शून्य विजय, तेरा पराभव. तेव्हाही आर्मी एका कॉन्फरन्समध्ये होती, झेपलं नाही, दोन वर्षांत बाहेर पडली. म्हणून यंदा पुन्हा कॉन्फरन्समध्ये जाताना बऱ्याच जणांच्या पोटात गोळा होता. हे ध्यानात घेतलं की आठपैकी आठचं वजन कळतं.

रच्याकने, मैदानाचं नाव ज्याच्यावरून मायकी स्टेडियम, तो डेनिस मायकी हा 1890चा कॅडेट. नेव्हीशी पहिला सामना त्यानेच घडवून आणला, आणि 24-0 हरला. पुढे 1898 साली क्यूबात लढाईत गेला. नेव्हीकडून हरणं ही म्हणजे घराण्याची चालच म्हणायची.

दुसरं रच्याकने: 1893च्या सामन्यात नेव्हीच्या जोसेफ रीव्ह्जला डॉक्टरने बजावलं होतं, डोक्याला आणखी एक मार बसला तर वेड लागेल. त्याने अ‍ॅनापोलिसच्या एका मोच्याकडून चामड्याची टोपी शिवून घेतली आणि खेळला. फुटबॉलचं पहिलं हेल्मेट ते, असं म्हणतात. पुढे हाच रीव्ह्ज अ‍ॅडमिरल झाला.

चहाबाज | 4 जानेवारी

म्हणजे 'हेल्मेटवाला फुटबॉल' हे नाव मोच्याच्या कृपेने. दंडवत घ्या, किडा.

मडगावकार | 5 जानेवारी

वर्दीतल्या संघांचा विषय निघालाय तर आमची पण जखम उघडतो. खऱ्या (माफ करा) फुटबॉलची. संतोष ट्रॉफी, मार्च 2024, अरुणाचलात यूपियाला अंतिम सामना. सर्व्हिसेस 1, गोवा 0. शेजारच्या काकांनी टीव्ही बंद केला तो दोन दिवस लावला नाही.

सर्व्हिसेसच्या संघाविरुद्ध खेळणं म्हणजे वैताग. नव्वदाव्या मिनिटालाही ते पहिल्या मिनिटासारखेच पळत असतात.

कूपरेजचा_कठडा | 5 जानेवारी

मडगावकार, एकटे नाही तुम्ही. 2016 साली नागपुरात, आमच्याच अंगणात, सर्व्हिसेसने महाराष्ट्राला अंतिम सामन्यात 2-1 हरवलं होतं.

माझे वडील रेल्वेत होते, रोव्हर्स कपला मुंबईत कूपरेजवर न्यायचे. त्यांच्या तोंडी मोहन बागानच्या बरोबरीने गुरखा ब्रिगेडचं नाव. या ब्रिगेडने डुरंड कप दोनदा जिंकलाय, 1966 आणि 1969. वडील सांगायचे, बाकीच्या संघांचे पाठीराखे भांडायचे, पलटणीचे रांगेत बसून एकदम टाळ्या वाजवायचे आणि एकदम थांबायचे. आता डुरंडमध्ये आर्मी, नेव्ही, एअर फोर्सचे संघ असतात, पण त्यांच्यातल्या सामन्याला कुणी मुद्दाम जातं का? अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष येतात. परवा ट्रम्पही होते.

गोट्या_सांगलीकर | 5 जानेवारी

धागा अमेरिकेतून कूपरेजला आला. आता सांगलीला कधी येतोय?

एक शंका. आर्मी आणि नेव्ही आता एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत ना? मग नेव्हीकडून हरूनही 'आठपैकी आठ' कसं?

हडसनकाठी | 5 जानेवारी

चांगलं पकडलंत. दोघं एकाच कॉन्फरन्समध्ये, पण आपसातला सामना कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरायचा नाही असं ठरलंय. तो नेहमीसारखा डिसेंबरात, बाकी सगळं आटोपल्यावर, एकटाच. त्यामुळे यंदा गंमत झाली. आर्मी 6 तारखेला विजेती झाली, 8 तारखेला राष्ट्रीय प्लेऑफचे बारा संघ जाहीर झाले, आणि सगळ्या जगाचा हिशोब मिटल्यावर 14ला नेव्हीशी सामना. त्या सामन्याने कागदावर कशाचंच काही होणार नव्हतं. तरी स्टेडियम भरलेलं.

आणि नेव्ही अंतिम फेरीत आली असती, तर आठ दिवसांत दोनदा गाठ पडली असती. आमच्या घरात तलाक झाला असता.

टेक्सासची_सून | 6 जानेवारी

एक विषय कुणी काढत नाहीये म्हणून मी काढते. कान्ये उदो. यंदा अकराशेहून जास्त यार्ड पळाला आणि हंगाम संपताच अ‍ॅरिझोना स्टेटला गेला. आमच्या ग्रुपवर लोक त्याला पळपुटा वगैरे म्हणतायत. मला राग येतो. वीस वर्षांचं पोर आहे.

रोमिओ_पासआउट | 6 जानेवारी

पळपुटा म्हणणारे कधी वर्दीत नव्हते, एवढं लिहून देतो.

वेस्ट पॉइंटला पहिली दोन वर्षं कॅडेट सेवेची बांधिलकी न घेता जाऊ शकतो. तिसरं वर्ष सुरू होताना शपथ घेतली की मग अडकला. हे दार मुद्दाम ठेवलेलं आहे. ज्याचं मन नाही त्याला पाच वर्षं जवानांच्या डोक्यावर बसवण्यापेक्षा आधीच जाऊ देणं जवानांच्या भल्याचं. खडकवासल्याला स्वतःहून सोडलं तर खर्च भरून द्यावा लागतो, तिथे बापाची जमीन आठवते. उदो नियमाने आला, नियमाने गेला, मध्ये जीव तोडून पळाला.

वाईट एवढ्याचंच वाटतं, की बाकी कॉलेजं अशीच गेलेल्यांच्या जागी दुसरीकडचे आणतात. अकादमीला दुसऱ्या कॉलेजातून तयार खेळाडू उचलून तिसऱ्या वर्षात बसवता येत नाही. गळती आहे, भर नाही.

आकडेमोड | 6 जानेवारी

रोमिओंच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. म्हणूनच 2024 पुन्हा होईल असं वाटत नाही, आणि म्हणूनच मी आता थोडा बाजू बदलतो. वेळापत्रक सोपं होतं हे माझं म्हणणं कायम. पण सोपे सामने दर आठवड्याला जिंकणं ही पण एक कसरत आहे, ज्यात 2023ला यूमासने विकेट काढली. एअर फोर्सशी डेली खेळलाच नव्हता, ड्वेन कोलमन उतरला, तरी 20-3. यूटीएसएशी 29-24 असा घासून काढला. हरण्याची संधी आठ वेळा आली होती, एकदाही घेतली नाही.

एक तांत्रिक भर. 2022पासून कमरेखाली ब्लॉक करण्यावर निर्बंध आले, लाइनपासून लांब तो करता येत नाही. ट्रिपल ऑप्शनचा कणाच तो. 2023ला आर्मीने म्हणून जुना खेळ सोडून शॉटगन धरली (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा राहतो) आणि फसली. 2024ला क्वार्टरबॅक परत सेंटरच्या (चेंडू मागे देणारा गडी) मागे हात लावून उभा राहिला. दोन हंगामांतला फरक शोधत असाल तर आधी इथे शोधा.

सकाळचा_डबा | 7 जानेवारी

मी कनेक्टिकटहून तुलेनच्या सामन्याला गेले होते. फुटबॉल कळत नाही, नवऱ्याची हौस. शुक्रवारची रात्र, रेझर्वॉयरवरून येणारा वारा, थर्मासमधली कॉफी दुसऱ्या क्वार्टरला गार. पण करड्या कोटातली ती हजारो पोरं पूर्ण सामना उभी! टचडाउन झाला की तोफ वाजते आणि मैदानाच्या टोकाला काही कॅडेट जोर मारतात, जितके गुण तितके. एकूण आकडा वाढत जातो तसे जोरही. चौथ्या क्वार्टरला एक मुलगी अठ्ठाविसाच्या पुढे मोजताना हसून कोलमडली, शेजारच्याने तिला कॉलर धरून उचललं आणि दोघांनी मिळून आकडा पुरा केला. त्यानंतर मला कुणी विचारलं असतं की नेव्हीकडून हरलात तर याचं काय, तर मी पर्स मारली असती.

माझं मत 2024.

अण्णापोलिसवाला | 7 जानेवारी

पर्स पोचली.

वाचनमात्र_होतो | 9 जानेवारी

दोन वर्षं नुसता वाचतोय, आज राहवलं नाही. तुम्ही सगळे दोन हंगामांत भांडताय आणि 2018 कुणालाच आठवत नाही? 11 विजय, 2 पराभव. नेव्हीला 17-10. करंडक आर्मीकडेच. ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेपर्यंत खेचलं, 28-21 हरले. आणि बोल सामन्यात ह्यूस्टनला 70-14. सत्तर!

एक विजय कमी, कॉन्फरन्सचा करंडक नाही कारण तेव्हा कॉन्फरन्सच नव्हती. पण दुसऱ्या नंबरला गायले. हडसनकाठी, तुमचा प्रश्नच चुकीचा विचारलाय.

हडसनकाठी | 9 जानेवारी

आयला. हा प्रतिसाद मुलाला दाखवला. तो तेव्हा सात वर्षांचा होता, त्यामुळे 2018 त्याच्या हिशोबात इतिहासपूर्व काळ.

तरी प्रश्न तसाच ठेवतो. 2018ला दोन्ही हातांत लाडू होते, निवड करावी लागलीच नाही. मी विचारतोय ते, एकच लाडू मिळणार असेल तर कुठला.

इतिहासाचा_किडा | 10 जानेवारी

ताजी खबर: ज्या नोटर डेमने आर्मीला 49 आणि नेव्हीला 51 टाकले, ती काल पेन स्टेटला 27-24 हरवून राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचली. @आकडेमोड, तुमच्या त्या 'बड्या संघा'चं वजन जरा वाढवून घ्या.

आकडेमोड | 10 जानेवारी

घेतलं. पण दोन्ही अकादम्यांना चौदाच गुण करू दिले, हे किती समन्यायी आहे बघा.

टेक्सासची_सून | 10 जानेवारी

मतमोजणी करायची झाली तर: 2023ला हडसनकाठी, रोमिओ, अण्णा (अण्णांचं मत बाद, शत्रुपक्ष). 2024ला मी, डबाताई, हडसनकाठींचा मुलगा, आणि आकडेमोड अर्धे. 1958ला किडा एकटे. 2018ला नवे सभासद. गोट्या आणि चहाबाज तटस्थ, कारण खायला आलेत.

रोमिओ_पासआउट | 11 जानेवारी

माझं 2023 कायम. पण एक कबूल, डबाताईंच्या त्या जोर मारणाऱ्या मुलीला विचारलं तर ती 2024 म्हणेल, आणि तिच्या मताला माझ्यापेक्षा जास्त वजन आहे. मी फक्त पळालो होतो, तेही हरलेल्या स्क्वाड्रनकडून.

चहाबाज | 11 जानेवारी

तुम्ही कितवे आलात ते विचारू नका म्हणाला होतात, आता स्वतःच सांगितलंत. हहपुवा.

अण्णापोलिसवाला | 12 जानेवारी

पुढचा सामना 13 डिसेंबर, बाल्टिमोर. माझ्या घरापासून चाळीस मिनिटं. गाडीच्या डिकीत कांदेपोहे मी आणतो, शेव आणि ओलं खोबरं हडसनकाठींनी आणायचं. हरणाऱ्याने भांडी घासायची.

हडसनकाठी | 12 जानेवारी

ठरलं. पण कागदी प्लेट आणा, उगाच तुमच्यावर वेळ यायला नको.